ब्रॉडवे: मेंढ्या, घोडागाड्या आणि चित्रकारांनी घडवलेलं श्रीमंत गाव

ब्रॉडवेत शिरताना पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती मुख्य रस्त्याची रुंदी. इंग्लंडच्या जुन्या गावांमधले रस्ते इतके चिंचोळे की समोरासमोर दोन मोटारी आल्या तर एकीला मागे जावं लागतं. इथे मात्र मधून प्रशस्त रस्ता जातो, कडेला हिरवळीचे पट्टे आहेत आणि त्या हिरवळीवर हॉर्स चेस्टनटची जुनी झाडं उभी आहेत. मे महिना असल्यामुळे त्यांच्यावर पांढऱ्या फुलांचे उभे तुरे आले होते. झाडांमागे हळदुव्या दगडांच्या घरांची ओळ दूरपर्यंत गेलेली, आणि ओळीच्या शेवटी डोंगर.

हे गाव वूस्टरशर काउंटीमध्ये, कॉट्सवोल्ड्स या डोंगररांगेच्या पश्चिम कड्याच्या अगदी पायथ्याशी आहे. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. इंग्लंडमध्ये श्रीमंत गावांची वाण नाही. लंडनच्या भोवती तर उंच कुंपणं आणि बंद फाटकांची कितीतरी गावं आहेत. ब्रॉडवे बघावंसं वाटलं ते त्याच्या पैशाच्या गोष्टीमुळे. इथे पैसा आला, गेला, पुन्हा आला, आणि दर वेळी वेगळ्या वाटेनं आला. आज गाव जसं दिसतं त्यात त्या श्रीमंतीचा वाटा आहेच, पण मधल्या गरिबीचा वाटा मला जास्त मोठा वाटतो.

मी बर्मिंगहॅमला माझ्या आतेबहिणीकडे उतरलो होतो. "मोटारीनं तासाभरात पोचतो आपण, रेल्वेचा फेरा कशाला?" असं ताई म्हणत होती. पण मला ब्रॉडवेच्या स्टेशनावर गाडीतूनच उतरायचं होतं. त्यासाठी चेल्टनहॅमला गेलो आणि तिथल्या रेसकोर्सच्या स्टेशनावर वाफेच्या गाडीत बसलो. चौदा मैलांचा हा मार्ग ग्लॉस्टरशर वॉरिकशर रेल्वे चालवते, आणि ती चालवणारे जवळपास सगळे हौशी स्वयंसेवक. ग्रीटचा बोगदा गेला, विंचकम गेलं, टॉडिंग्टन गेलं, मग स्टॅनवेच्या कमानी पुलावरून गाडी सावकाश ब्रॉडवेकडे निघाली. एका बाजूला डोंगराची हिरवी भिंत, दुसऱ्या बाजूला ईव्हशमचं सपाट खोरं आणि त्यात फळबागा.

ब्रॉडवेला रेल्वे पहिल्यांदा आली 1904 मध्ये. 1960 मध्ये स्टेशन बंद झालं, पुढे इमारती पाडल्या, रूळही उखडले. आज दिसणारं स्टेशन, म्हणजे प्लॅटफॉर्म, विटांची इमारत, पादचारी पूल, सिग्नलची केबिन, हे सगळं स्वयंसेवकांनी नव्यानं बांधलं. सामान्य लोकांनी रेल्वेचे शेअर घेऊन त्याला पैसे पुरवले आणि 30 मार्च 2018 ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, पुन्हा इथे प्रवासी उतरले. तिकिटं तपासणारे आजोबा निवृत्त इंजिनियर होते. पादचारी पुलाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "इथे रंग मारायला मी होतो." ते ऐकून ताईनं त्यांना मनापासून शाबासकी दिली आणि येताना मोटारीचं नाव काढलं नाही.

स्टेशनापासून गावात चालत वीसेक मिनिटं लागतात. मी मात्र गावात शिरल्या शिरल्या एका भिंतीपाशीच थांबलो. हा दगड जवळून पाहायलाच हवा. लांबून तो गुळगुळीत, एकसंध दिसतो. नाक लावून पाहिलं तर सगळा बारीक गोल दाण्यांचा, खसखस दाबून वडी थापावी तसा. हे दाणे चुन्याचे. ज्युरासिक काळात इथे उथळ, कोमट समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळूच्या किंवा शिंपल्याच्या कणाभोवती चुन्याचे थर बसत गेले, लाटांनी ते दाणे लोळवले आणि त्यांचा खडक झाला. मधूनमधून शिंपल्याचा तुकडा आजही तसाच अडकलेला दिसतो. पिवळेपणा लोहाचा. डोंगरात खण, खाली आण, घर बांध, इतकं सरळ गणित. त्यामुळे चारशे वर्षांच्या अंतरानं बांधलेली घरंही एकाच कुटुंबातली वाटतात.

छपरंही दगडाचीच. पातळ दगडी फरश्या लाकडी खुंट्यांनी वाशांवरच्या पट्ट्यांना अडकवायच्या. सगळ्यात मोठ्या फरश्या खाली वळचणीला, वर जावं तशा लहान लहान होत जातात आणि आढ्यापाशी तळहाताएवढ्या. कॉट्सवोल्ड्समधल्या काही खाणींत दगड हिवाळाभर ओला ठेवत. थंडीनं आतलं पाणी गोठलं की दगड आपोआप पापुद्र्यांनी सुटायचा. अशा खडबडीत फरश्यांवर पाणी रेंगाळू नये म्हणून छप्पर चांगलंच उतरतं ठेवावं लागतं, आणि त्या चढामुळेच इथल्या प्रत्येक घराला ती टोकदार त्रिकोणी दर्शनी भिंत मिळाली आहे. ज्या घडणीचं लोक आज देखणेपण म्हणून फोटो काढतात, ती पावसाची आणि वजनाची सोय आहे.

राजा एडगरच्या 972 च्या सनदेत ब्रॉडवे पर्शोरच्या मठाला दिल्याचा उल्लेख आहे. तिथपासून जवळजवळ साडेपाचशे वर्षं हे गाव मठाच्या मालकीचं होतं. मठाधिपतीचं चौदाव्या शतकातलं घर, ॲबट्स ग्रेंज, आजही गावात आहे. त्या काळी पैसा म्हणजे लोकर. डोंगरावर मठांच्या आणि जमीनदारांच्या मेंढ्या चरायच्या, लांब केसांची कॉट्सवोल्ड जातीची लोकर फ्लँडर्स आणि इटलीच्या व्यापाऱ्यांकडे जायची. इथून काही मैलांवर चिपिंग कॅम्डनच्या चर्चमध्ये विल्यम ग्रेव्हल या व्यापाऱ्याची समाधी आहे, तो 1401 मध्ये गेला. समाधीवरच्या पितळी पत्र्यावर त्याला साऱ्या इंग्लंडमधल्या लोकर-व्यापाऱ्यांचं फूल म्हटलं आहे. आठव्या हेन्रीनं मठ बरखास्त केले, जमिनी खासगी हातांत गेल्या, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत ब्रॉडवेतली बरीचशी चांगली दगडी घरं उभी राहिली.

मग आला रस्त्याचा पैसा, आणि ब्रॉडवेचा स्वभाव खरा घडवला तो त्यानं. लंडनहून वूस्टरकडे जाणारा रस्ता गावातून जायचा. गावाच्या पूर्वेला फिश हिलचा घाट. लंडनकडे निघालेल्या घोडागाडीला हा घाट चढायचा म्हणजे जास्तीचे घोडे जोडणं आलंच. उलट दिशेनं येणाऱ्यांचे घोडे उतारावरून येऊन दमलेले. दोघांनाही थांबायला ब्रॉडवेच. घोडे बदलायचे, नाल ठोकायचे, चाकं तपासायची, माणसांनी जेवायचं, रात्र काढायची. लोहार, खोगीर शिवणारे, मोतद्दार, भटारी, खोल्या झाडणाऱ्या बायका, सगळ्यांची पोटं या एका घाटावर भरत होती. एकेकाळी गावात तेहेतीस पब होते असं सांगतात. ते खरं असेल तर दर थोड्या घरांमागे एक कुणीतरी पाटी लावून बसलेलं होतं. आज तिथे हॉटेलं, चित्रांची दालनं, जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. पण काही घरांच्या मधोमध गाडी आत जाईल एवढी कमान दिसते. ती दिसली की समजायचं, इथून घोडे आत जात.

या सगळ्यांत मोठी खानावळ लिगन आर्म्स. तिचं पहिलं नाव व्हाइट हार्ट. दर्शनी दगडी दारावर 1620 हे साल आणि जॉन व अर्सुला ट्रेव्हिस या नवरा-बायकोची नावं कोरलेली आहेत. खानावळीच्या मालकानं स्वतःच्या नावाशेजारी बायकोचं नाव दारावर कोरावं, आणि तेही चारशे वर्षांपूर्वी, हे मला फार आवडलं. खोल्या झाडून घेणं, चादरी, स्वयंपाक, उधारीचे हिशेब, यातलं बरंचसं अर्सुलाबाईंनीच पाहिलं असणार. यादवी युद्धाच्या काळात पहिला चार्ल्स राजा इथे आपल्या पाठीराख्यांना भेटला आणि 1651 च्या वूस्टरच्या लढाईआधी ऑलिव्हर क्रॉमवेल इथेच मुक्कामाला होता, अशी परंपरा आहे. राजा आणि त्याचा शिरच्छेद करवणारा, दोघांच्याही नावाच्या खोल्या एका छपराखाली आहेत. आम्ही आत चहा घेतला. जमिनीच्या दगडी फरश्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. ताई बराच वेळ त्या खळग्यांकडेच बघत होती.

1852 मध्ये ईव्हशमला रेल्वे आली आणि हे सगळं थांबलं. रेल्वे ब्रॉडवेला आली नाही, पाच-सहा मैलांवर आली. लंडनचा माणूस आता गाडीत बसून थेट वूस्टरला उतरू लागला. घाट चढायचं कारणच उरलं नाही. मोतद्दारांना, लोहारांना काम नाही. पब बंद पडले. त्यातच 1870 च्या दशकात अमेरिकेतून स्वस्त गहू यायला लागला आणि इंग्लंडची शेती बसली. ज्या वर्षांत इंग्लंडमधली बाकीची गावं जुनी घरं पाडून लाल विटांची, मोठ्या काचांची नवी घरं बांधत होती, त्या वर्षांत ब्रॉडवेकडे पाडायलाही पैसे नव्हते. जुनी खिडकी मोडली तर तीच ठोकून बसवायची. घरं गळकी, ओल धरलेली, एकेका खोलीत मोठाली कुटुंबं. गावाचं आजचं रूप टिकलं ते त्या तीसेक वर्षांमुळे, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्या नावाची पाटी कुठल्याच घरावर नाही.

पुढची गोष्ट चित्रकारांची. 1885 मध्ये फ्रान्सिस डेव्हिस मिलेट हा अमेरिकन चित्रकार आणि त्याची बायको लिली यांनी गावच्या हिरवळीकाठचं फार्नम हाउस भाड्यानं घेतलं. मिलेट युद्धवार्ताहर म्हणूनही काम केलेला, दांडगा उत्साही माणूस. त्याच्यामागोमाग एडविन ऑस्टिन ॲबी आला, लेखक हेन्री जेम्स येऊन राहू लागला, आणि त्याच वर्षी ॲबीबरोबर आला जॉन सिंगर सार्जंट. थेम्समध्ये सूर मारताना सार्जंटच्या डोक्याला जबर मार लागला होता. विश्रांतीसाठी त्याला इथे आणलं. त्यानं विश्रांती घेतली नाही.

बागेत दोन लहान मुली कागदी जपानी कंदील लावताहेत, भोवती उंच लिली, गुलाब, संध्याकाळचा जांभळट उजेड, असं त्याचं 'कार्नेशन, लिली, लिली, रोज' हे चित्र लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये मी आधी पाहिलं होतं. ते इथलं. त्या दोघी म्हणजे चित्रकार फ्रेडरिक बर्नार्डच्या मुली, डॉली आणि पॉली. सार्जंटला हवा असलेला उजेड संध्याकाळी मोजकी मिनिटंच असायचा. तोवर मंडळी टेनिस खेळत. उजेड आला की खेळ तसाच टाकायचा, कॅनव्हास बागेत आणून ठेवलेला असायचाच, सार्जंट भराभर फटकारे मारायचा आणि अंधार पडला की संपलं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. थंडी वाढली तशी पांढऱ्या फ्रॉकच्या आत मुलींना लोकरीचे कपडे घालू लागले. गुलाब गळले तेव्हा झुडपांना खोटी फुलं बांधली. तरी चित्र पुरं होईना. दुसऱ्या वर्षी मिलेट कुटुंब जवळच्याच रसेल हाउसमध्ये राहायला गेलं होतं, तिथल्या बागेत त्यानं ते 1886 मध्ये पुरं केलं. हे घर खासगी आहे, बाग पाहता येत नाही. रस्त्यावरून भिंत आणि भिंतीवरून डोकावणारी झाडं दिसतात. मी तिथे संध्याकाळपर्यंत थांबू शकलो नाही याची रुखरुख राहिली.

हेन्री जेम्सनं अमेरिकेतल्या मासिकात ब्रॉडवेची तोंड भरून स्तुती केली. वाचून लोक येऊ लागले. मेरी अँडरसन ही गाजलेली अमेरिकन नटी लग्नानंतर इथे कोर्ट फार्ममध्ये स्थायिक झाली, तिच्याकडे संगीतकार एल्गर यायचा, 'पीटर पॅन'चा लेखक जे. एम. बॅरी आपला क्रिकेटचा संघ घेऊन यायचा. गळक्या घरांना गिऱ्हाईक मिळालं. ओल काढली, छपरं दुरुस्त झाली, आणि गवंड्यांना, सुतारांना पुन्हा काम मिळालं. मिलेट मात्र पुढे 1912 मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावरच मरण पावला.

याच सुमारास लिगन आर्म्सही नव्या हातांत गेली. 1904 मध्ये, ज्या वर्षी ब्रॉडवेला रेल्वे आली त्याच वर्षी, सिडनी रसेल यांनी ती पडीक खानावळ घेतली. मोटारी नुकत्याच रस्त्यावर आल्या होत्या. या लोकांना जुन्या इंग्लंडची चव हवी असणार हे त्यांनी ओळखलं आणि खोल्यांतून जुनं लाकडी सामान मांडलं. ते दुरुस्त करायला माळ्यावर छोटा कारखाना काढला, आणि त्या कारखान्यात त्यांचा मुलगा गॉर्डन शिकला.

गॉर्डन रसेल यांचं संग्रहालय मुख्य रस्त्याच्या जरा मागे आहे. डोंगरमाथ्यावरचा ब्रॉडवे टॉवर पाहायला आलेले पुष्कळजण ते चुकवतात. माझे आजोबा सांगलीत सुतारकाम करायचे, त्यामुळे मी इथे सगळ्यात जास्त रमलो. पहिल्या महायुद्धात लढून, मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक घेऊन परतलेल्या या माणसानं जुन्या फर्निचरच्या नकला करायचं सोडून स्वतःचं घडवायला सुरुवात केली. एका कपाटाचा खण थोडा बाहेर ओढलेला ठेवला आहे. कोपऱ्यात समोरची फळी आणि बाजूची फळी दातांत दात घालून अडकवलेल्या, खिळा कुठेच नाही, आणि दातांच्या मुळाशी सुतारानं आखून घेतलेली बारीक रेघ तशीच ठेवलेली. आजोबाही ती रेघ घासून काढायचे नाहीत. हातानं केलेलं काम आहे हे त्यावरून कळतं, म्हणायचे.

पण रसेल यांचं मोठेपण यंत्राला नाकं न मुरडण्यात आहे. हातानं घडवलेलं सुंदर सामान श्रीमंतांनाच परवडतं, मग बाकीच्यांनी काय बिनकामाच्या खुर्च्यांवर बसायचं? हा प्रश्न त्यांना छळत होता. यंत्रावर चांगलं घडवता येतं हे त्यांनी करून दाखवलं. त्यांच्या भावानं, डिक रसेलनं, मर्फी कंपनीच्या रेडिओंच्या साध्या, देखण्या पेट्या आखल्या. दुसऱ्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा पडला तेव्हा सरकारनं ठरावीक नमुन्यांचं 'युटिलिटी' फर्निचर काढलं. ते मिळायचं नवविवाहितांना आणि बॉम्बहल्ल्यात घर गेलेल्यांना. त्याचे नमुने ठरवणाऱ्या समितीचे रसेल 1943 पासून प्रमुख होते. उंची खानावळीच्या माळ्यावर शिकलेल्या सुतारानं घरदार गमावलेल्या माणसासाठी भक्कम खुर्ची आखावी, यासाठी तरी मला ब्रॉडवेबद्दल आदर वाटतो.

दुपारी टॉवरकडे निघालो. हाय स्ट्रीटच्या वरच्या टोकाकडून कॉट्सवोल्ड वे ही पायवाट वर जाते. चिपिंग कॅम्डन ते बाथ अशी 102 मैलांची ही वाट, त्यातला हा छोटासा पण दमवणारा तुकडा. मेंढ्यांच्या कुरणांतून, एकापाठोपाठ एक फाटकं ओलांडत चढायचं. 1998 मध्ये बाहेरून वळणरस्ता झाल्यापासून हाय स्ट्रीटच्या या वरच्या भागात फारशा गाड्या येत नाहीत. इतक्या वर्षांनी रस्ता पुन्हा माणसांना मिळाला आहे.

माथा 312 मीटरवर. वर वारा असा की टोपी हातात धरावी लागते. टॉवर वीसेक मीटर उंच, तीन गोल बुरुजांचा, किल्ल्याच्या थाटाचा, पण इथे लढाई कधीच झाली नाही. या डोंगरावर पेटवलेला जाळ वीसेक मैलांवरच्या आपल्या क्रूम कोर्ट वाड्यातून दिसेल का, हे लेडी कॉव्हेंट्रीला जाणून घ्यायचं होतं. दिसला. मग वास्तुकार जेम्स वायटकडून अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस हा टॉवर बांधून घेतला. (त्या क्रूम कोर्टात पुढे 1979 ते 1984 इस्कॉनच्या मंडळींचा मुक्काम होता. हरिनामाचा गजर तिथेही झाला.) सोळा काउंट्या दिसतात असा दावा आहे. मला मोजता येण्यासारखं नव्हतं, पण सेव्हर्नचं खोरं, माल्व्हर्नच्या टेकड्या आणि त्यापलीकडे वेल्सचे निळसर डोंगर स्वच्छ दिसत होते.

टॉवर वापरणाऱ्यांत एक होते सर थॉमस फिलिप्स. वडील मँचेस्टरचे कापड कारखानदार, त्यांनी ब्रॉडवेजवळची मिडल हिल ही इस्टेट घेतली. मुलानं तो पैसा हस्तलिखितांत ओतला. जगातल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत आपल्याकडे असावी असं त्याला वाटे. हजारो हस्तलिखितं जमवली, कर्जात बुडाला, टॉवरमध्ये छापखाना काढला. मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून, इस्टेट शेवटी जावयाकडे जाणार या रागानं त्यानं तिथली झाडं तोडली, घराची पडझड होऊ दिली आणि 1863 पासून सगळा संग्रह शंभरावर गाड्यांत भरून चेल्टनहॅमला हलवला. तो गेल्यावर त्या संग्रहाचे लिलाव जवळजवळ शंभर वर्षं चालले. किती ग्रंथ त्याच्यामुळे रद्दीत जाण्यापासून वाचले, हेही खरं. तरी त्या तोडलेल्या झाडांबद्दल मी त्याला माफ करू शकत नाही.

त्यानंतर टॉवर भाड्यानं घेतला कॉर्मेल प्राइस यांनी. ते डेव्हनमधल्या एका शाळेचे मुख्याध्यापक, आणि हस्तकलेचे पुरस्कर्ते विल्यम मॉरिस व चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांचे जिवलग मित्र. 1876 मध्ये मॉरिस इथे येऊन राहिले. जीर्णोद्धाराच्या नावाखाली होणारी जुन्या इमारतींची तोडफोड त्यांना सहन होत नव्हती. पुढच्याच वर्षी त्यांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली, आणि ती आजही काम करते आहे. ब्रॉडवेची घरं जपायची दृष्टी ज्या विचारातून आली, त्याचं एक मूळ या वाऱ्यातल्या खोलीत आहे.

प्राइस यांच्या नावापाशी मी थबकलो, कारण त्यांच्या शाळेतला एक विद्यार्थी मुंबईचा. रुडयार्ड किपलिंग 1865 मध्ये जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मला आणि 1878 मध्ये प्राइस यांच्या शाळेत दाखल झाला. बर्न-जोन्सची बायको त्याची सख्खी मावशी, म्हणून मुख्याध्यापक त्याला घरचेच. त्याचे वडील लॉकवूड किपलिंग जेजेत शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकऱ्यांची, हमालांची कोरीव शिल्पं त्यांचीच. त्या शिल्पांखालून मी कितीदा तरी आंबे घेऊन बाहेर पडलो आहे. दगडावर हातानं कोरणाऱ्या कारागिराला मान द्यायचा, हा विचार मॉरिसच्या या मित्रवर्तुळात आणि आपल्या जेजेत एकाच काळात चालू होता.

टॉवरच्या जवळच जमिनीखाली शीतयुद्धातली एक छोटी खोली आहे. अणुबॉम्ब पडला तर स्फोटाची दिशा आणि किरणोत्सर्ग मोजायला रॉयल ऑब्झर्व्हर कोअरचे स्वयंसेवक तिथे बसणार होते. शिडीनं खाली उतरायचं, तीन माणसं जेमतेम मावतील एवढी जागा. वरच्या कुरणात मेंढ्या, आणि खाली ही तयारी.

उतरून गावात आलो तेव्हा ताई घरांच्या एजंटाच्या काचेपाशी उभी होती. "दोन खोल्यांचं आहे रे हे. आकडा वाच जरा." वाचला. एकेकाळी मोतद्दाराचं कुटुंब राहत असेल अशा घराला आज बर्मिंगहॅमच्या उपनगरात दोन घरं येतील. लंडनवाल्यांची शनिवार-रविवारची घरं, पर्यटकांना भाड्यानं द्यायची घरं, निवृत्त सधन माणसं, यांत गावच्या पोरांना घर कुठून मिळणार? बेकरीत पाव बांधून देणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांची आई इथली, आजी इथली, त्या स्वतः ईव्हशमहून बसनं येतात. तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र ते लागलं. या गावात खिडकीची चौकटही परवानगीशिवाय बदलता येत नाही, आणि तसंच असायला हवं. पण चौकट जपणारा कायदा आत राहणाऱ्या माणसाला जपत नाही. परवडणाऱ्या भाड्याची थोडी घरं गावातच बांधली, याच दगडात बांधली, तर ब्रॉडवेचं सौंदर्य उणं होणार नाही असं माझं ठाम मत आहे.

शेवटी स्नोशिलच्या रस्त्यानं जुन्या चर्चला गेलो, गावापासून मैलभर दूर. सेंट एडबर्गा, बाराव्या शतकातलं. इतकं दूर का, तर मूळ वस्ती इकडेच होती. हमरस्त्याची वर्दळ वाढली तसं गाव हळूहळू तिकडे सरकलं, आणि 1840 मध्ये तिकडे नवं चर्च बांधलं. एडबर्गा ही आल्फ्रेड राजाची नात. अगदी लहान असताना वडिलांनी तिच्यापुढे एका बाजूला दागिने आणि दुसऱ्या बाजूला धर्मग्रंथ व पूजेचा पेला ठेवला. ती रांगत ग्रंथाकडे गेली आणि मोठेपणी जोगीण झाली, अशी कथा. आत गारवा होता, जाड गोल खांब होते, आणि आम्ही दोघंच होतो. ताई म्हणाली, आपल्याकडे बाळापुढे वही आणि सोनं ठेवतात तसंच की हे. खरंच तसंच.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं: वाफेची गाडी रोज नसते, वेळापत्रक पाहूनच दिवस ठरवा. एरवी मोरटन-इन-मार्श किंवा ईव्हशमपर्यंत रेल्वे आहे, पुढे बस किंवा टॅक्सी. एप्रिलची अखेर ते जूनचा मध्य हा ईव्हशम खोऱ्यातल्या शतावरीच्या कोवळ्या कोंबांचा, म्हणजे ॲस्परॅगसचा हंगाम. रस्त्याकडेच्या शेतकऱ्यांच्या टपऱ्यांवर जुड्या मिळतात, जरूर घ्या, ताईनं घरी नुसत्या लोण्यावर आणि मिरपुडीवर परतले आणि दुसरं काही लागलं नाही. टॉवर आधी केलात तर खाली येईपर्यंत रसेल संग्रहालय बंद होण्याची वेळ होते, म्हणून ते सकाळीच निवांत पाहा. आणि मे महिना असला तरी डोंगरावर जाताना जाकीट न्याच.